१६ जीबी रॅम आणि ग्राफिक्स कार्ड असूनही गणपतीच्या २० बाय १० फुटी बॅनरवर फोटोशॉप का अडकतं?

कॉम्प्युटर बरोबर आहे, तुमची फाइल ३०० डीपीआयला (म्हणजे दर इंचाला ३०० पिक्सेल) आहे म्हणून अडकतंय. मी कणकवलीत फ्लेक्सचंच काम करतो, हिशोब बघा, २० फूट म्हणजे २४० इंच, गुणिले ३०० म्हणजे ७२,००० पिक्सेल, उंचीला ३६,०००, सीएमवायकेत (छपाईच्या चार रंगांत) नुसता एक भरलेला लेयर १० जीबीच्या वर जातो, रॅम संपते आणि सगळा भार डिस्कवर. पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची नेहमीची फाइल, ३०,००० पिक्सेलपर्यंतच चालते, म्हणून तर सेव्ह करताना पीएसबी, म्हणजे मोठ्या फाइलींचा प्रकार, मागतं. इमेज साइजमध्ये रिसॅम्पल (पिक्सेलची संख्या बदलणारा पर्याय) टिक ठेवून रिझोल्यूशन ७२ करा, रस्त्यावरून फरक दिसत नाय. जवळून वाचायच्या स्टँडीला मात्र १५० ठेवा. आणि छोटी फाइलपण रखडत असेल तर स्क्रॅच डिस्क (रॅम संपल्यावर फोटोशॉप वापरतं ती डिस्कवरची जागा) भरलेल्या सी ड्राइव्हवर आहे का बघा.