वायरलेस ब्रिज जोडला जातो, पण त्यामागच्या संगणकाला पत्ता का मिळत नाही?

तुमची अडचण मला समजली ती अशी. मुख्य राउटर पुढच्या इमारतीत आहे, मागची खोली साधारण ४० मीटरवर आहे आणि मधून केबल नेता येत नाही. म्हणून मागे दुसरा राउटर ठेवून तो पुढच्या वायफायला 'क्लायंट' म्हणून, म्हणजे मोबाइल जोडला जातो तसा, जोडलात, त्याचं वायफाय आणि लॅन पोर्ट एका ब्रिजमध्ये (दोन्ही बाजूंचं एकच नेटवर्क करणाऱ्या जोडणीत) घातलेत, शिवाय मोबाइलसाठी त्याच राउटरवर नवं वायफायही सुरू केलंत. आता मागचा राउटर स्वतः इंटरनेटपर्यंत पोहोचतो, पण त्याला केबलने जोडलेल्या संगणकाला आयपी पत्ता मिळत नाही. तीन वेळा रिसेट करूनही तेच.

चौथ्यांदा रिसेट करू नका. तुमच्या हातून काही राहून गेलेलं नाही. साध्या क्लायंट मोडकडून तुम्ही जे काम मागताय ते त्याला करता येत नाही, आणि का येत नाही हे एकदा नीट कळलं की पुढची मांडणी कशी करायची ते आपोआप स्पष्ट होतं.

केबलवरून जाणाऱ्या फ्रेमवर (माहितीच्या एका पाकिटावर) दोन पत्ते असतात: कोणी पाठवली आणि कोणाला. वायफायच्या फ्रेममध्ये पत्त्यांसाठी चार जागा आहेत, पण क्लायंट आणि ॲक्सेस पॉइंट (वायफाय पुरवणारं यंत्र) यांच्या नेहमीच्या बोलण्यात त्यातल्या तीनच वापरल्या जातात. क्लायंटकडून निघालेल्या फ्रेमवर ॲक्सेस पॉइंटचा पत्ता, पाठवणाऱ्याचा पत्ता आणि शेवटी जिथे पोहोचायचं तिथला पत्ता असतो. हवेत फ्रेम सोडणारा आणि ती मुळात लिहिणारा एकच, असं यात धरलेलं आहे. पत्रावर आपण 'मार्फत' अशी ओळ लिहितो ना, त्या ओळीला इथे जागाच नाही.

आता तुमच्या संगणकाने पत्ता मागितला की ती मागणी मागच्या राउटरकडे येते. ती त्याने संगणकाच्या मॅक पत्त्याने (प्रत्येक नेटवर्क उपकरणाच्या स्वतःच्या ओळखक्रमांकाने) तशीच पुढे सोडली तर पुढचा ॲक्सेस पॉइंट ती टाकून देतो, कारण पासवर्ड देऊन आत आलेल्यांच्या यादीत तो मॅक पत्ता नाही. उलट दिशेनेही तेच. त्या संगणकासाठी आलेलं उत्तर मागच्या राउटरच्या मार्फत द्यायचं आहे हे पुढच्या बाजूला कळायला काही साधन नाही. एखाद्या लिनक्स संगणकावर हाच प्रयोग केलात तर साधं क्लायंट वायफाय ब्रिजमध्ये घ्यायलाच तो नकार देतो, तोही याच कारणाने.

यातून बाहेर पडायच्या वाटा तीन.

पहिली वाट चौथा पत्ता वापरण्याची. सेटिंगमध्ये ती बहुतेक वेळा 'डब्ल्यूडीएस' या नावाने दिसते. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये (राउटरवर घालता येणारं मोफत फर्मवेअर, म्हणजे राउटरचं आतलं सॉफ्टवेअर) पुढच्या टोकाला 'ॲक्सेस पॉइंट डब्ल्यूडीएस' आणि मागच्या टोकाला 'क्लायंट डब्ल्यूडीएस' निवडलं की खरा ब्रिज तयार होतो. पुढच्या डीएचसीपीचं (आयपी पत्ते वाटणाऱ्या सेवेचं) उत्तर थेट मागच्या संगणकापर्यंत येतं. अट एवढीच की दोन्ही टोकांना ही सोय हवी आणि दोघांनी ती एकाच पद्धतीने केलेली हवी. वेगवेगळ्या कंपन्यांचं डब्ल्यूडीएस एकमेकांशी जुळेलच असं नाही, म्हणून दोन्हीकडे एकाच कंपनीचं किंवा एकाच फर्मवेअरचं यंत्र असलेलं बरं.

दुसरी वाट नकली ब्रिजची. यात मागचा राउटर सगळ्यांच्या फ्रेमवर स्वतःचाच मॅक पत्ता घालतो आणि परत आलेलं उत्तर आयपी पत्ता बघून ज्याचं त्याला वाटतो. पुढच्या राउटरवर काही बदलता येत नसेल तेव्हा ही सोय कामाला येते, पण तिच्यावर फार भिस्त ठेवू नका. पुढच्या राउटरला मागची सगळी उपकरणं एकाच मॅक पत्त्याची दिसतात, त्यामुळे मॅकवर बेतलेले नियम आणि राखून ठेवलेले आयपी गोंधळतात. डीएचसीपीच्या मागणीत संगणकाचा खरा मॅक पत्ता आतल्या मजकुरातही लिहिलेला असतो आणि उत्तर त्या पत्त्यावर परत येऊ बघतं. म्हणून इथे वेगळी डीएचसीपी रिले (मागणी आणि उत्तर पुढे पोहोचवणारी सोय) लागते, नाहीतर काही उपकरणांना पत्ता मिळतो आणि काहींना नाही. ओपनडब्ल्यूआरटीतलं 'रिलेडी' याच प्रकारातलं आणि ते फक्त आयपीव्ही४ सांभाळतं.

तिसरी वाट म्हणजे ब्रिजचा नादच सोडायचा आणि मागे वेगळं नेटवर्क करायचं. पुढे १९२.१६८.१ ची मालिका असेल तर मागे १९२.१६८.२ ची, आणि मध्ये नॅट, म्हणजे मागच्या सगळ्यांना पुढे एकाच आयपी पत्त्याने दाखवणारी सोय. पुढचा राउटर कोणताही असो, हे चालतं. फक्त मागून पुढचा प्रिंटर गाठता येतो, पण पुढून मागचं काही सहजी दिसत नाही, आणि आसपासची उपकरणं आपोआप शोधणारी ॲप या भिंतीपलीकडे पाहू शकत नाहीत. नुसतं इंटरनेट हवं असेल तर एवढ्यावर थांबायला हरकत नाही.

तुमच्या जागी मी असतो तर पहिलीच वाट धरली असती, पण तुमच्या आत्ताच्या राउटरांवर नाही. दोन इमारतींमध्ये ४० मीटर मोकळी हवा असताना बाहेर बसवायच्या ५ गिगाहर्ट्‌झच्या ब्रिजची जोडी घ्यावी. एक पुढच्या राउटरच्या लॅन पोर्टला केबलने, दुसरा मागच्या खोलीबाहेर. ते आपापसांत चार पत्त्यांनी बोलतात, आणि मुख्य राउटरच्या दृष्टीने ती फक्त एक लांब केबल असते. तुमचा आत्ताचा दुसरा राउटर मग खोलीत निव्वळ ॲक्सेस पॉइंट म्हणून राहील. ब्रिज आणि ॲक्सेस पॉइंट ही दोन कामं वेगळ्या यंत्रांना किंवा निदान वेगळ्या रेडिओंना द्या, हे माझं ठाम मत आहे. एकच रेडिओ दोन्ही करू लागला की प्रत्येक फ्रेम त्याच चॅनेलवर दोनदा हवेत जाते: एकदा मोबाइलकडून मागच्या राउटरकडे, पुन्हा तिथून पुढे. वेग साधारण निम्मा होतो तो त्यामुळे.

आणखी एक अडचण लवकर लक्षात येत नाही. क्लायंट आणि ॲक्सेस पॉइंट एकाच रेडिओवर असले की दोघांना एकच चॅनेल वापरावा लागतो, आणि तो ठरवणार पुढचा राउटर. माझ्याकडे अशी मांडणी होती तेव्हा मागचं वायफाय दर दोन-तीन दिवसांनी कधीतरी गायब व्हायचं. मी अडॅप्टर बदलला, राउटर बदलला, भिंतीतली जागा बदलली. पुढच्या राउटरवर चॅनेल 'ऑटो' होता हे पाहायला मला तीन आठवडे लागले. त्याने चॅनेल बदलला की मागची जोडणी तुटायची, आणि ती परत होईपर्यंत मागचं वायफायही सुरू होत नसे. चॅनेल एका आकड्यावर पक्का केला आणि तो त्रास त्या दिवशीच संपला. तुम्ही सध्याचीच मांडणी काही दिवस ठेवणार असाल तर निदान एवढं आजच करा.

आता जुळणी. सगळी यंत्रं आधी एका टेबलावर मांडून चालू करा. भिंतीवर चढवल्यावर चूक शोधणं फार जिकिरीचं होतं. टेबलावर पाठवायची शक्ती सगळ्यात कमी ठेवा, इतक्या जवळून पूर्ण शक्तीचा सिग्नल समोरच्या रेडिओला झेपत नाही. आयपी पत्ते आधी कागदावर लिहून काढा. मुख्य राउटर १९२.१६८.१.१, पुढचा ब्रिज .२, मागचा ब्रिज .३, ॲक्सेस पॉइंट .४, आणि मुख्य राउटरची डीएचसीपी वाटणी .१०० पासून पुढे, म्हणजे या चौघांच्या पत्त्यांवर कोणी येऊन बसणार नाही.

जुना राउटर ॲक्सेस पॉइंट करताना क्रम पाळा. केबलने त्याला संगणक जोडा, आधी त्याचा लॅन आयपी .४ करा, नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करा, वायफायचं नाव-पासवर्ड घाला आणि सगळ्यात शेवटी डीएचसीपी सर्व्हर बंद करा. डीएचसीपी आधीच बंद केलात तर संगणकाला पुढच्या वेळी पत्ता मिळत नाही आणि हाताने आयपी घालून आत शिरावं लागतं. त्याच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' असेल तर तोच वापरा. नसेल तर ब्रिजकडून येणारी केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये घाला, वॅनमध्ये (इंटरनेटच्या पोर्टमध्ये) नाही; वॅनमध्ये घातली की पुन्हा नॅटची भिंत उभी राहते. आणि डीएचसीपी खरंच बंद झाला आहे ना, हे दोनदा तपासा. एका नेटवर्कवर दोन सर्व्हर पत्ते वाटत असले की कोणाचं उत्तर आधी पोहोचेल त्यावर सगळं अवलंबून राहतं. सकाळी चालणारा मोबाइल दुपारी चालत नाही आणि दोष मात्र बिचाऱ्या सिग्नलला दिला जातो.

ब्रिजच्या दुव्याला घरच्या वायफायपेक्षा वेगळं नाव आणि वेगळा लांब पासवर्ड द्या. सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए२ एईएस, दोन्ही टोकांना जमत असेल तर डब्ल्यूपीए३. टीकेआयपी ही जुनी एन्क्रिप्शन पद्धत निवडू नका: ते कमकुवत तर आहेच, शिवाय त्याच्यासोबत ८०२.११एन या वायफाय पिढीचे वेग चालत नाहीत आणि दुवा ५४ मेगाबिटवर अडकतो. वेगाचं कोडं घेऊन येणाऱ्यांपैकी निदान एखाद्याच्या सेटिंगमध्ये अजूनही टीकेआयपी सापडतं.

चॅनेलची रुंदी ८० मेगाहर्ट्‌झ ठेवायचा मोह होईल. आधी ४० वर चालवून बघा, आजूबाजूला गर्दी असेल तर २०. रुंद चॅनेल जास्त गोंगाट गोळा करतो, आणि ब्रिजला कमाल वेगापेक्षा न तुटणं महत्त्वाचं. ५२ ते १४४ या चॅनेलांवर रडारला अग्रहक्क असतो. तिथे यंत्राला सुरू होण्याआधी किमान एक मिनिट ऐकत बसावं लागतं आणि रडार आढळलं की चॅनेल सोडावा लागतो. तेव्हा सुरू केल्यावर लगेच दुवा दिसला नाही तर घाबरू नका, थोडं थांबा. देशाची सेटिंग खरी तीच ठेवा, कारण बाहेर कोणते चॅनेल आणि किती शक्ती चालते हे तिच्यावरून ठरतं. खोलीतल्या ॲक्सेस पॉइंटला २.४ गिगाहर्ट्‌झवर १, ६ किंवा ११ यातला मोकळा चॅनेल द्या आणि ५ गिगाहर्ट्‌झवर ब्रिजपासून दूरचा.

बसवताना समोरचं टोक नुसतं डोळ्यांना दिसणं पुरत नाही. लहरी सरळ रेषेभोवतीच्या फुगीर पट्ट्यातून जातात, त्याला फ्रेनेल पट्टा म्हणतात. ४० मीटरच्या दुव्यात ५ गिगाहर्ट्‌झला मध्यावर त्याची त्रिज्या साधारण पाऊण मीटर भरते, आणि त्यातला निदान ६० टक्के भाग मोकळा हवा. मधोमध फांदी येत असेल तर ब्रिज वर चढवा. पानं ओली झाली की सिग्नल आणखी गिळतात, त्यामुळे कोरड्या हवेत उत्तम चाललेला दुवा पावसात पडू शकतो. दिशा जुळवताना ब्रिज थोडासा वळवा, काही सेकंद थांबा, सिग्नलचा आकडा (डीबीएममधला) वाचा, मग पुन्हा वळवा. आकडे ऋण असतात आणि शून्याच्या जवळचा तो जोरकस. उणे ५० ते उणे ६५ डीबीएमच्या मध्ये आलात की समाधान माना. उणे ७५ च्या खाली असेल तर जागा बदला, सेटिंग चाळत बसू नका.

विजेबाबत मात्र अजिबात घाई नको. या ब्रिजना केबलमधूनच वीज जाते, पण काहींना साधी २४ व्होल्ट लागते तर काहींना ४८ व्होल्टची ८०२.३एएफ पद्धत. सोबत आलेलाच अडॅप्टर वापरा. अदलाबदलीत यंत्र जळू शकतं. केबल बाहेरच्या उन्हापावसात टिकणारी घ्या, ती यंत्रात खालून शिरू द्या आणि घरात घेण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच गळून जाईल. दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर आणि नीट अर्थिंग हवंच, आणि ते जाणकार वायरमनकडून करून घ्या.

टेबलावरच्या चाचणीत ब्रिजची दोन टोकं तात्पुरती केबलनेही जोडली असतील तर ती केबल काढायला विसरू नका. एकाच दोन जागांमध्ये दोन वाटा झाल्या की ब्रॉडकास्ट (सगळ्यांना उद्देशून पाठवलेल्या) फ्रेम गोल गोल फिरत वाढत जातात आणि मिनिटाच्या आत सगळं नेटवर्क बसतं. ब्रिजवर एसटीपी चालू ठेवलंत तर तो यातली एक वाट आपोआप बंद करतो.

सगळं जागेवर बसलं की मागच्या खोलीतून क्रमाने पिंग करा (पत्त्यावरून उत्तर येतं का ते बघा): .४, .३, .२, आणि मग .१. प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं चालू द्या. .३ पर्यंत स्वच्छ आणि .२ ला उत्तरं गळत असतील तर दोष हवेतल्या दुव्यात आहे. .२ स्वच्छ आणि .१ ला गळत असतील तर पुढची केबल बघा. इंटरनेटची स्पीड टेस्ट इथे फसवते, कारण ती सगळे टप्पे एकत्र मोजते. त्यापेक्षा पुढच्या लॅनला एक आणि मागे एक संगणक जोडून त्यांच्यामध्ये आयपर्फ या वेग मोजायच्या सॉफ्टवेअरने वेग मोजा. दोन्ही दिशांनी मोजा.

पुढच्या राउटरचं मॉडेल आणि दोन खोल्यांमध्ये झाड किंवा पत्र्याचं छप्पर येतं का, एवढं कळवा. तो राउटर ओपनडब्ल्यूआरटी चालवू शकत असेल तर नवी जोडी विकत घेण्याआधी आहे त्यातच डब्ल्यूडीएस करून बघू.