आजचा आकडा आणि पुढचा आकडा

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. बेसबॉलच्या त्या शॉर्टस्टॉपवरचा (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहणारा खेळाडू) तुझा अहवाल वाचला. मेहनत दिसते, अक्षर न् अक्षर स्वतः पाहून लिहिलेलं आहे. पण पहिल्याच ओळीला, बॉल मारण्याच्या कसबाच्या आकड्यांना, अडखळलो: 'हिट : आज ४५, पुढे ६०.' शाळेकडून खेळणाऱ्या सतरा वर्षांच्या पोराला आजचे ४५? आपल्या २० ते ८०च्या मोजपट्टीवर ५० म्हणजे मेजर लीगमधला, अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमधला, सरासरी खेळाडू. त्याच्या शाळेतला किंवा राज्यातला नव्हे. तुझ्या ४५चा अर्थ असा होतो की उद्या सकाळी त्याला मेजर लीगमध्ये उभं केलं, तरी तो थोडाफार निभावून नेईल. नाही नेणार. चांगल्या शाळकरी बॅटरचा आजचा हिट बहुतेकदा २० किंवा २५च असतो आणि तो तसा लिहिण्यात मुलाचा अपमान नाही. क्लब आपल्याला, नवे खेळाडू हेरणाऱ्या स्काउटांना, पगार देतो तो आजचा आकडा आणि पुढचा आकडा यांतल्या अंतराबद्दल बोलण्यासाठी. २५वरून तो तुझ्या ६०ला कशाच्या जोरावर जाईल? याचं उत्तर अवघड आहे, म्हणून तू आजचाच आकडा फुगवलास आणि अंतर आपोआप कमी झालं.

धावण्याबद्दल फारसं बोलायला नको, तिथे स्टॉपवॉच आहे. बॅटला बॉल लागल्यापासून फर्स्ट बेसवर पाय पडेपर्यंत उजव्या बॅटरला ४.३ सेकंद लागले तर ५०, डावखुऱ्याला ४.२, पुढे प्रत्येक दशांशाला साधारण एक पायरी वर किंवा खाली. फक्त ज्या स्विंगमध्ये तो बॉल मारता मारताच पळत सुटलेला असतो, ती वेळ धरू नकोस. तुझी ४.०५ मला तशीच वाटते. बंट (बॅट नुसती आडवी धरून हळूच ढकललेला बॉल) तर मुळीच धरू नकोस.

खरी परीक्षा हिटची. बॅटिंग ॲव्हरेज अहवालातून काढून टाक. समोरचा पिचर (बॉल टाकणारा) ताशी ८० मैलांच्या आसपास टाकत होता, असं तूच लिहिलं आहेस. मेजर लीगचा सरासरी फास्टबॉल आता ९४च्या घरात आहे. साठ फूट सहा इंचांवरून निघालेला तो बॉल साधारण ०.४ सेकंदात प्लेटवर (बॅटरसमोरच्या पाटीवर) येतो, आणि मारायचा की सोडायचा हे त्याच्याही आधी ठरवावं लागतं. ८०च्या बॉलवर मिळालेले हिट त्याबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाहीत. फाउल (रेषेबाहेर गेलेले फटके) मात्र सांगतात. सरळ मागच्या जाळीवर गेलेला फाउल म्हणजे वेळ बरोबर साधली होती, बॅट केसभर खाली गेली एवढंच. पण उजव्या बॅटरचे फाउल एकामागून एक फर्स्ट बेसच्या बाजूला जात असतील, तर तो उशीर करतो आहे, आणि तोही ८०च्या बॉलवर! हे तुझ्या टिपणांत कुठेच नाही.

तसंच त्याने सोडलेल्या बॉलचं. कर्व्हबॉल (हवेत वळणारा बॉल) सोडताना पुढचा गुडघा जागच्या जागी राहिला, की फसून आधीच वळला आणि नशिबाने बॅट थांबली? दोन स्ट्राइक झाल्यावर, म्हणजे तिसऱ्याला बाद होणार असताना, स्विंग आखूड होतो का? हे बघायला प्लेटच्या मागे, बॉलचा वेग मोजणाऱ्या रडार गनवाल्यांच्या गर्दीत बसून चालणार नाही. ती जागा पिचर बघायची. उजव्या बॅटरची छाती फर्स्ट बेसच्या बाजूला असते, तिकडे जाऊन उभा राहा. त्याचे हात, नितंब आणि डोकं एकाच नजरेत येतील.

आणि हो, बॅटिंग प्रॅक्टिसमधले ते होम रन. संथ बॉल, धातूची बॅट आणि कुंपणाबाहेर गेलेला प्रत्येक फटका तू भक्तिभावाने नोंदवला आहेस. त्यातून त्याची कच्ची ताकद कळते, ती लिही. मॅचमध्ये ती किती उतरेल, हा वेगळा आकडा आणि तो हिटवर अवलंबून असतो. शिवाय धातूची बॅट मुठीजवळ लागलेल्या बॉललाही इन्फिल्डच्या (बेसांच्या आतल्या मैदानाच्या) पलीकडे नेते. मेजर लीगमधली लाकडी बॅट अशा वेळी मोडते. उन्हाळ्यात लाकडी बॅटच्या स्पर्धेत तो कसा खेळला, हे शोधून काढ.

फिल्डिंगबद्दलचा तुझा परिच्छेद मला आवडला. हातांआधी पाय बघितलेस. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात की नाही ठाऊक नाही, पण शॉर्टस्टॉपचे पाय मॅचच्या आधीच्या सरावात नक्की दिसतात, आणि तेव्हा बहुतेक स्काउट पार्किंगमध्ये गप्पा मारत असतात. मात्र खांदे रुंद झाल्यावर, अंगात दहा-बारा किलो भरल्यावर तो त्याच जागी टिकेल की थर्ड बेसला जाईल, यावर तू अवाक्षर काढलेलं नाहीस. एक बाजू धर. खोलातून फेकलेल्या त्याच्या थ्रोवरून मला तरी हाताचा जोर थर्ड बेसला पुरेसा वाटतो.

शरीर बघताना उंचीने हुरळूनही जाऊ नकोस आणि बिचकूही नकोस. होजे अल्टुवेला व्हेनेझुएलातल्या माराकाय इथल्या चाचणीतून बुटका म्हणून घरी पाठवलं होतं. तो दुसऱ्या दिवशी परत आला. ॲस्ट्रोज क्लबने त्याला अवघ्या १५,००० डॉलरला घेतलं आणि २०१७ साली तो आपल्या लीगचा एमव्हीपी (सर्वांत मौल्यवान खेळाडू) झाला. पण ही गोष्ट सांगून प्रत्येक बुटक्या मुलाची वकिली करणारे स्काउट मला ठाऊक आहेत, त्यांचे अहवाल कुणी मनावर घेत नाही. अल्टुवेचा बॅटवरचा ताबा विलक्षण होता, मुद्दा तो आहे.

मला त्यापेक्षा पुढे मेजर लीग गाजवलेल्या माइक ट्राउटचं उदाहरण उपयोगी वाटतं. न्यू जर्सीतल्या मिलव्हिलचा मुलगा. थंड प्रदेश, त्यामुळे वसंतात मॅच कमी आणि समोरचे पिचरही बेताचे. एंजल्स क्लबचा तिथला स्काउट ग्रेग मोरहार्ट ट्राउटच्या वडिलांबरोबर मायनर लीगमध्ये (मेजरच्या खालच्या लीगमध्ये) खेळलेला होता, त्याला मुलाबद्दल खात्री होती. तरी २००९च्या ड्राफ्टमध्ये (क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात) ट्राउट पंचविसावा गेला. खुद्द एंजल्सनेच चोविसाव्या क्रमांकावर दुसरा आउटफिल्डर घेतला होता. तेव्हा ट्राउट सतराच वर्षांचा होता. एकाच वर्गातल्या दोन मुलांत वर्षभराचं अंतर असू शकतं आणि त्या वयात वर्ष फार मोठं असतं. तुझ्या अहवालात जन्मतारीख नाही.

स्वभावाविषयी तू 'उत्तम' एवढंच लिहिलंस. ते पुसून टाक. स्ट्राइकआउट झाल्यावर डगआउटमध्ये त्याने काय केलं, पुढच्या इनिंगला ग्राउंडर (जमिनीवरून आलेला बॉल) कसा उचलला, हे लिही. त्याच्या कोचपेक्षा प्रतिस्पर्धी कोचला विचार. आपला कोच आपल्या मुलाबद्दल चांगलंच बोलतो.

राहिला पैशाचा विषय. त्याच्या आईवडिलांकडे जाऊन तासभर बसलास आणि किती रकमेला सही करणार हे विचारलंच नाहीस. ताकाला जाऊन भांडं लपवू नये. त्याने चार वर्षांच्या कॉलेजात प्रवेश घेतला, तर तिसरं वर्ष संपेपर्यंत किंवा वयाची एकवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत तो पुन्हा ड्राफ्टमध्ये येत नाही. ड्राफ्ट आता वीसच फेऱ्यांचा आहे आणि पहिल्या दहा फेऱ्यांच्या बोनसला क्लबची ठरलेली थैली आहे. त्याच्या रकमेचा आकडा माहीत नसेल तर क्लबचा स्काउटिंग संचालक तुझा अहवाल बाजूला ठेवून पुढच्या मुलाकडे वळेल.

पुढच्या आठवड्यात त्यांची मॅच त्या उंच डावखुऱ्या पिचरशी आहे, ज्याचा कर्व्हबॉल खरोखर वळतो. ती चुकवू नकोस, फर्स्ट बेसच्या बाजूला उभा राहा आणि रडार गन गाडीतच राहू दे. मग हिटचे दोन्ही आकडे नव्याने लिही आणि त्यांच्याखाली मधल्या अंतराची कारणं. 'कदाचित', 'शक्यता नाकारता येत नाही' असलं तळ्यात-मळ्यात नको. क्रॉसचेकर (आपले अहवाल पडताळणारा वरिष्ठ स्काउट) एकच दिवस येणार आहे. तो येण्याआधी नवा अहवाल मला मिळू दे.

कळावे,
तुझा हितचिंतक