दोन पेगनंतर 'मी ठीक आहे' वाटतं, ते खरं धरायचं का?

प्रश्न: मी महिन्यातून दोन-तीनदा मित्रांसोबत बसतो, दोन पेगच्या वर जात नाही. जीभ अडखळत नाही, झोक जात नाही. मागच्या वेळी मुद्दाम मोबाईलवर ती रंग बदलला की टॅप करायची टेस्ट केली तर स्कोअर रोजच्यासारखाच आला. तरी बायको सोबत असली की गाडीची चावी काढून घेते. वाद नाही घालायचाय, पण एवढ्याशा दारूने खरंच फरक पडतो का?

उत्तर: पडतो. तुमच्या टेस्टमध्ये तो दिसला नाही कारण रंग बदलला की बोट दाबायचं हे एकच काम आहे आणि थोड्या दारूत ते बऱ्यापैकी जमून जातं. गाडी चालवताना पुढची गाडी, आरसा, स्पीड, कडेने येणारा माणूस असं चार ठिकाणी एकदम लक्ष लागतं आणि दारू आधी तेच तोडते, म्हणजे तुम्ही समोर बघत राहता आणि कडेचं डोळ्यांना दिसलं तरी डोक्यात शिरत नाही.

मला त्याहून काळजी वाटते ती थांबण्याची. लॅबमध्ये एक टेस्ट घेतात, खूण दिसली की बटण दाबायचं पण मध्येच दुसरा इशारा आला तर हात आवरायचा. थोडी प्यायलेली माणसं बटण जवळपास नेहमीच्याच वेगाने दाबतात, हात आवरायला मात्र चुकतात. आता ओव्हरटेकला निघालात आणि समोरून ट्रक आला, तर? ताशी ६० किमीला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते, पाव सेकंद उशीर झाला तरी चार मीटर गेले.

होतं काय, तर मेंदूला शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचा जोर वाढतो आणि चेतवणाऱ्या ग्लुटामेटचा कमी होतो. कपाळामागचा जो भाग आपल्यावर नजर ठेवतो तोही मंदावतो, मग 'आता तू ठीक नाहीस' हे तुम्हाला सांगणार कोण?

आणि उतरली असं वाटतं तेव्हा तर जास्तच जपा. एडवर्ड मेलनबी यांनी १९१९ मध्येच कुत्र्यांवरच्या प्रयोगात दाखवलं होतं की रक्तात दारू तेवढीच असली तरी चढतानाच्या मानाने उतरताना परिणाम कमी दिसतो. माणसालाही तेव्हा बरं वाटायला लागतं, पण गाडी चालवायचं कौशल्य तेवढं परत आलेलं नसतं. ४० टक्केवाल्या दारूच्या ३० मिलीत साधारण साडेनऊ ग्रॅम अल्कोहोल असतं आणि लिव्हरला तेवढं निपटायला तास-सव्वा तास लागतो, तुमचे दोन पेग ६०-६० चे असतील तर चार-पाच तास धरा. कॉफीने झोप उडेल, रक्तातली दारू तेवढीच राहील.

चावी पहिला पेग भरायच्या आधी तुम्हीच बायकोकडे द्या. ती नसेल त्या दिवशी गाडी घरीच ठेवून जा.