वाढ रोखणारे औषध 'संजीवक' कसे?

प्रश्न असा आहे: हापूसला मोहोर यावा म्हणून कोकणात पावसाळ्यात बुंध्याभोवतीच्या मातीत पॅक्लोब्युट्राझॉल देतात (बागायतदारांच्या तोंडी 'कल्टार'). शेतीविषयक लेखांत त्याला सर्रास 'संजीवक' म्हणतात. पण ते तर पालवी रोखते! मग संजीवक कसे? आणि 'संप्रेरक' म्हणजे तेच का?

आधी संप्रेरक. 'हॉर्मोन' हा शब्द अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने १९०५ साली रूढ केला. मुळातल्या ग्रीक क्रियापदाचा अर्थ 'चालना देणे'. आपल्याकडे हॉर्मोनला 'संप्रेरक' म्हणतात: सम् + प्र + ईर्. ईर् म्हणजे हलवणे, चालवणे. 'प्रेरणा' त्यातूनच आली. मला हा शब्द फार नेमका वाटतो, कारण प्रेरणा वाढण्याची असते तशी थांबण्याचीही असू शकते.

तुळशीचा शेंडा खुडून बघा. थोड्याच दिवसांत खुडल्या जागेखालच्या पानांच्या बेचक्यांतून दोन फुटवे डोकावतात. ते डोळे तिथे आधीपासून होते. शेंड्यात तयार होऊन खाली उतरणारे ऑक्झिन हे संप्रेरक त्यांना दाबून ठेवत होते. 'ऑक्झिन' हे नाव मात्र 'वाढणे' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडले आहे! खोड लांबवणारे तेच, बाजूचे डोळे रोखणारेही तेच. खोडाला मानवणारी मात्रा मुळाला मिळाली तर मुळाची वाढ खुंटते.

'संजीवक' म्हटले की शुक्राचार्यांची संजीवनी विद्या आठवते, मेलेल्याला उठवणारी. नाशिककडे द्राक्षाचे घड 'जीए'त, म्हणजे जिबरेलिक ॲसिडच्या द्रावणात, बुडवतात आणि मणी फुगतात. तिथे हा शब्द शोभतो. पॅक्लोब्युट्राझॉल नेमके उलटे करते: झाडात जिबरेलिन (जीए ज्या गटातले, ते वाढीचे संप्रेरक) तयार होण्याची वाटच अडवते, म्हणून पालवीचा जोर ओसरतो आणि मोहोराला वाव मिळतो. एक जिबरेलिन पुरवणारे, दुसरे ते बनूच न देणारे, आणि दोन्ही संजीवक? इथे शब्द फारच ताणला गेला आहे. शिवाय पॅक्लोब्युट्राझॉल कोणतेही झाड स्वतः तयार करत नाही, त्यामुळे ते संप्रेरकही नव्हे.

म्हणून मी असे लिहीन: झाड स्वतः बनवते ते संप्रेरक. बाहेरून देतो त्या सगळ्यांना मिळून वाढनियंत्रक, आणि त्यातले वाढ अडवणारे ते वाढरोधक. 'वाढविरोधक' असेही छापून येते, पण विरोधात वैराची छटा आहे. रुध् धातूत नुसते अडवणे आहे, आणि बागेत घडते ते तेवढेच.

'संजीवक' वापरताना आणखी एक अडचण येते. सेंद्रिय शेती करणारे शेण, गोमूत्र आणि गूळ पाण्यात कालवून आंबवतात, त्या द्रावणालाही संजीवकच म्हणतात. त्यामुळे नुसते 'संजीवक द्या' असे लिहिले, तर कोणी ते शेणाचे द्रावण घेईल, कोणी कल्टारची बाटली.