आरसा ठेवू की सोडू?

प्रश्न : माझ्याकडे निकॉनचा डी7200 आहे, सोबत 70-300 ची एएफ-एस झूम आणि एक जुनी 50 एमएम एफ/1.8डी. पक्षी आणि घरातली लहान मुलं, एवढेच फोटो काढते. सगळे म्हणतात डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) संपला, मिररलेस (बिनआरशाचा) घे. खरंच एवढा फरक पडतो का हो?

उत्तर : पहिली गोष्ट, आरसा फोटो काढत नाही, सेन्सर काढतो. निकॉनचा डी850 आरशाचा आणि झेड7 बिनआरशाचा, पण दोन्हींचा सेन्सर 45.7 मेगापिक्सेलचाच, तेव्हा तीच लेन्स, तोच उजेड असेल तर नुसता फोटो बघून कुठला कशातून काढलाय हे ओळखणं अवघडच. फरक पडतो तो फोकसमध्ये आणि बटण दाबायच्या आधी डोळ्याला काय दिसतं त्यात.

तुमच्या कॅमेऱ्यात फोकस करणारा सेन्सर वेगळा असतो, आरशाच्या खाली, तळाशी. त्याच्यापर्यंत उजेडाचा जो रस्ता आहे तो मेन सेन्सरच्या रस्त्याशी केसभर जरी जुळला नाही ना, तर फोकस थोडा पुढे नाहीतर मागे पडतो. माझ्या भाचीचे मी एफ/1.8 वर, म्हणजे लेन्सचं छिद्र खूप मोठं ठेवून, कितीतरी फोटो काढले होते, मागच्या छोट्या स्क्रीनवर सगळे मस्त वाटले आणि घरी मोठे करून बघितले तर कानावरची बट एकदम शार्प आणि डोळे मऊ, जवळजवळ सगळ्या फोटोंत तेच, आणि ते क्षण काही परत आले नाहीत, अजून वाईट वाटतं. डी7200 च्या मेनूत एएफ फाइन ट्यून आहे, म्हणजे फोकस थोडा पुढे-मागे सरकवून जुळवायची सोय, ते आधी करून बघा. मिररलेसमध्ये फोकस थेट मेन सेन्सरवरच होतो म्हणून ही भानगड जवळपास राहत नाही, आणि चेहरा, डोळा शोधून तो धरून ठेवणं तर धावणाऱ्या मुलांसाठी फारच कामाचं. पक्ष्यांचा डोळा ओळखणं मात्र सगळ्या मॉडेलांत नसतं, घ्यायच्या आधी नीट तपासा.

दुसरं म्हणजे व्ह्यूफाइंडर, डोळा लावून बघायची ती खिडकी. संध्याकाळी फांदीवर पक्षी बसलाय, मागे आभाळ लख्ख, तर तुमच्या कॅमेऱ्यातून तो जसा आहे तसाच छान दिसतो आणि फोटोत नुसता काळा ठिपका येतो. मिररलेसमध्ये त्या जागी छोटा स्क्रीन असतो, म्हणून तो काळा येणार हे आधीच दिसतं, तिथल्या तिथे एक्स्पोजर वाढवता येतं. पण काचेतून थेट दिसणारा उजेड तो उजेडच, त्यात लॅग (दिसायला होणारा उशीर) नाही, तासन्‌तास बघत बसलं तरी बॅटरी जात नाही, आणि पक्ष्यांसाठी ताटकळत बसणाऱ्याला ही मोठीच सोय आहे. डी850 ची बॅटरी स्टँडर्ड टेस्टमध्ये 1840 फोटो देते, झेड7 ची 330. प्रत्यक्षात दोन्हींत जास्त निघतात, पण अंदाज आला ना?

आता लेन्स, आणि इथेच बरेच जण फसतात. निकॉनचा एफ माउंट (बॉडीवर लेन्स बसवायची जागा) 1959 पासूनचा, माउंट ते सेन्सर अंतर 46.5 मिमी. झेड माउंटमध्ये ते 16 मिमीच आहे, मधली जागा एफटीझेड अडॅप्टर भरून काढतो. तुमच्या एएफ-एस झूममध्ये फोकसची मोटर लेन्समध्येच आहे, ती त्यावर व्यवस्थित ऑटोफोकस करेल. पण तुमच्या 50 एमएम एफ/1.8डी मध्ये मोटर नाही, ती डी7200 च्या बॉडीतल्या मोटरवर चालते आणि एफटीझेडमध्ये ती मोटर नाहीच, म्हणजे तुमची मुलांची लेन्स हातानेच फोकस करावी लागणार.

म्हणून माझं मत, लगेच बदलू नका. गेल्या काही महिन्यांतले बिघडलेले फोटो काढा आणि मोठे करून बघा. सगळंच हललेलं असेल तर शटर स्पीड कमी पडलाय, नवा कॅमेरा घेऊन पळणारं मूल थांबत नाही. कान शार्प आणि डोळा मऊ असे बरेच निघाले आणि फाइन ट्यून करूनही तसंच चालू राहिलं, तर खुशाल मिररलेस घ्या, पण 50 ऐवजी नवीन लेन्सचा खर्च त्यातच धरा.

प्रश्न : माझ्याकडे काहीच नाही, पहिलाच कॅमेरा घेतोय. मी काय घेऊ?

उत्तर : नवीन घेणार असाल तर मिररलेस. कॅनन आणि निकॉन दोघांचे शेवटचे फ्लॅगशिप (सगळ्यात वरचे) डीएसएलआर 2020 चे, त्यानंतर त्यांचा सगळा जोर मिररलेसच्या लेन्सवरच आहे. बजेट कमी असेल तर वापरलेला डीएसएलआर शिकायला उत्तम, मी आजही बिनधास्त सांगेन, फक्त शटर काउंट, म्हणजे त्यातून आजवर किती फोटो काढलेत ते, बघून घ्या. आणि मिररलेस घेतलात तर लेन्स बदलताना कॅमेऱ्याचं तोंड खाली ठेवा, कारण बऱ्याच मॉडेलांत सेन्सर समोर उघडाच असतो आणि धूळ थेट त्याच्यावर बसते.