भाड्याचे घर सोडताना द्यायची लेखी नोटीस

प्रश्न : आम्ही कोपरखैरणे येथे लिव्ह अँड लायसन्स करारावर (म्हणजे भाडेपट्टा नव्हे, तर ठरावीक मुदतीसाठी घर वापरण्याच्या परवानगीवर) राहतो. करार 24 महिन्यांचा असून नोंदणीकृत आहे. लॉक-इन (करार मोडता न येण्याचा काळ) पहिल्या 6 महिन्यांचा होता आणि त्यानंतर दोघांपैकी कोणीही एक महिन्याची लेखी नोटीस देऊन करार संपवू शकेल, अशी अट आहे. आता 14 महिने झाले असून माझी बदली नाशिकला झाली आहे. घरमालक पुण्याला राहतात. गेल्या महिन्याच्या 28 तारखेला मी त्यांना फोन केला आणि लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर ‘बोलल्याप्रमाणे येत्या महिनाअखेरीस घर सोडत आहोत’ असे कळवले. त्यावर त्यांनी ‘ओके’ लिहिले. आता मात्र ‘मला नोटीस मिळालीच नाही, आणखी एका महिन्याचे भाडे डिपॉझिटमधून कापणार’ असे ते म्हणतात. भाडे 21,000 रुपये आणि डिपॉझिट 80,000 रुपये आहे. शेवटच्या महिन्याचे भाडे न देता ते डिपॉझिटमधून वळते करा असे आम्ही सांगावे का?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : प्रथम आपल्या करारातील नोटिशीचे कलम पुन्हा शांतपणे वाचावे. नोटीस कोणत्या पत्त्यावर द्यायची, कशाने पाठवायची, महिना नोटीस मिळाल्यापासून मोजायचा की पुढच्या एक तारखेपासून, हे त्यात लिहिलेले असेल तर तेच बंधनकारक धरावे. मासिक भाडेपट्ट्यासाठी मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 106 मध्ये जी 15 दिवसांची मुदत सांगितली आहे, तिचा आधार घेऊन अनेक जण 15 दिवसांत घर सोडू पाहतात. पण ते कलम भाडेपट्ट्यासाठी आहे आणि तेही वेगळा करार नसेल तरच लागू होते. आपला करार लायसन्सचा असल्यामुळे त्यातील एक महिन्याची अटच आपल्याला लागू आहे.

घरमालकांचे ‘ओके’ आपल्या फार उपयोगाचे आहे, कारण आपण कधी जाणार हे त्यांना 28 तारखेलाच ठाऊक होते हे त्यावरून दिसते. भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 नुसार असा संदेश आवश्यक त्या प्रमाणपत्रासह पुरावा म्हणून मांडता येतो. म्हणून तो संवाद तारीख, वेळ आणि क्रमांक दिसेल अशा रीतीने जपून ठेवावा व फोन बदलताना तो पुसला जाणार नाही याची काळजी घ्यावी. तरीही केवळ त्यावर विसंबून राहू नये, कारण संदेशाला करारातील लेखी नोटीस म्हणायचे की नाही यावर वाद घालता येतो, आणि तो वाद टाळण्याचा उपाय अजून आपल्या हातात आहे.

आजच एक पत्र लिहावे. वकिलाची गरज नाही. मजकूर एवढा पुरे : ‘आपल्यातील अमुक तारखेच्या, अमुक क्रमांकाने नोंदलेल्या लिव्ह अँड लायसन्स करारातील अमुक कलमानुसार मी सदनिका या महिन्याच्या 31 तारखेला रिकामी करून ताबा देत आहे. याची कल्पना मी आपल्याला गेल्या महिन्याच्या 28 तारखेला फोनवर व व्हॉट्सअ‍ॅपवर दिली होती आणि आपण ती मान्य केली होती. हे पत्र त्याच नोटिशीची लेखी पुष्टी आहे. ताबा देताना 80,000 रुपयांची अनामत रक्कम पुढील बँक खात्यात जमा करावी.’ खाली करारातील सर्व लायसन्सींच्या, म्हणजे घर वापरायला घेणाऱ्यांच्या, सह्या असाव्यात. करार पती-पत्नी दोघांच्या नावे असेल तर एकाच्या सहीवर भागवू नये.

हे पत्र करारात दिलेल्या पुण्याच्या पत्त्यावर स्पीड पोस्टने पाठवावे आणि त्याची छायाप्रत ईमेलनेही पाठवावी. टपाल खात्याने 2025 मध्ये रजिस्टर्ड पोस्ट ही सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन केली आहे. त्यामुळे करारात ‘रजिस्टर एडी’ (पोचपावतीसह रजिस्टर्ड पोस्ट) असे शब्द असतील तर स्पीड पोस्टसोबत नोंदणी आणि पोचपावतीची सोय टपाल कार्यालयात मागून घ्यावी. पाकीट ‘घेण्यास नकार’ असा शेरा होऊन परत आले तर ते न उघडता तसेच ठेवावे, कारण बंद पाकिटावरील शिक्का आणि तारीख हाच आपला पुरावा असतो.

आता हिशेब पाहू. आपले पत्र त्यांना या महिन्याच्या 12 तारखेला मिळाले आणि त्यांनी 28 तारखेचा संदेश अजिबात धरला नाही, असे समजले तरी नोटिशीचा महिना पुढील महिन्याच्या 12 तारखेच्या सुमारास पुरा होतो. म्हणजे वाद फार तर 12 दिवसांच्या, सुमारे 8,400 रुपयांच्या भाड्याचा उरतो. मात्र महिना एक तारखेपासूनच मोजावा असे करारात लिहिले असेल, तर हा आकडा वाढेल.

शेवटच्या महिन्याचे भाडे आपण द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. घरमालकांनी डिपॉझिटमधून वळते करण्यास लेखी संमती दिली तर प्रश्नच नाही. पण संमती नसताना भाडे थांबवले तर आजवर करार नीट पाळणारे आपणच थकबाकीदार ठराल. डिपॉझिट बुडण्याची आपली भीती मी समजू शकतो, म्हणूनच ताब्याच्या दिवसाची तयारी आधीपासून करावी.

त्या दिवशी रिकाम्या घराचे, स्वयंपाकघरातील ओटा व नळ, बाथरूममधील फरशा, पंखे आणि दारांची कुलुपे यांचे फोटो काढावेत. महावितरणच्या मीटरवरील आकडा टिपून घ्यावा. सामान बाहेर नेण्यासाठी सोसायटी घरमालकाचे पत्र मागत असेल तर ते चार दिवस आधीच घ्यावे. ‘अमुक तारखेला इतक्या किल्ल्यांसह ताबा मिळाला’ अशी सही घेतल्याशिवाय किल्ल्या देऊ नयेत आणि शक्यतो पैसे खात्यात आल्याचे दिसेपर्यंत तेथेच बसून हिशेब पुरा करावा. रंगकामासाठी रक्कम कापायची तर तशी अट करारात हवी. रोजच्या वापराने फिकट झालेला रंग म्हणजे नुकसान नव्हे.

डिपॉझिट मिळेपर्यंत घर सोडायचेच नाही, असा सल्ला काही जण देतील. करारात तशी मुभा नसेल तर तो मानू नये, कारण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 24 नुसार मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्या लायसन्सीकडून करारातील भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. त्याऐवजी ताबा देताना रक्कम येणे बाकी असल्याचे लेखी नोंदवावे, मग वकिलामार्फत नोटीस द्यावी आणि तरीही रक्कम न आल्यास दिवाणी दावा करावा. त्यासाठी साधारणतः तीन वर्षांची मुदत असते.

प्रश्न : ठाण्यात मानपाड्याला आमचा 11 महिन्यांचा करार फक्त नोटरी केलेला आहे. 11 महिन्यांना नोंदणी लागत नाही असे एजंटने सांगितले होते. मुदत येत्या महिन्यात संपते. आम्हाला नोटीस द्यावी लागेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : एजंटने चुकीचे सांगितले. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 55 नुसार मुदत कितीही असली तरी करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते आणि ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे. नोंदणी नसताना अटींबद्दल वाद झाला तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, हा आपल्या बाजूचा मुद्दा आहे.

करारात वेगळे काही लिहिले नसेल तर मुदत संपते त्याच दिवशी घर सोडण्यासाठी नोटीस लागत नाही. तरीही महिनाभर आधी दोन ओळींचे पत्र देऊन त्याच्या दुसऱ्या प्रतीवर घरमालकांची तारखेसह सही घ्यावी. नव्या घराचा ताबा लांबला आणि आपल्याला आठवडाभर अधिक राहावे लागले, तर तेवढ्या दिवसांचे भाडे किती हे त्याच पत्राखाली लिहून दोघांनी सही करावी.