भूशास्त्र आणि अवकाशविज्ञानात मुली व अपंग विद्यार्थी टिकावेत म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या विभागात व्याख्यानं झाली, शिष्यवृत्ती जाहीर झाली, तरी मुली आणि अपंग विद्यार्थी पहिल्या फील्डनंतर, म्हणजे डोंगरात जाऊन खडक पाहण्याच्या सहलीनंतर, विषय बदलून जातात. आणि मग विचारलंय, 'त्यांच्यात आवड कशी निर्माण करावी?' हे शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते आहे. आवड घेऊनच ते आलेले असतात. ती कुठे मरते ते बघा.

माझी जिथे मरता मरता राहिली ती जागा मला आजही आठवते. लहानपणापासून माझ्या उजव्या पायाला कॅलिपर, म्हणजे चालायला आधार देणारी पट्टी, आहे. दुसऱ्या वर्षाच्या फील्डला बस डोंगराच्या पायथ्याशी थांबली आणि सर म्हणाले, "तू इथेच थांब, सगळ्यांच्या बॅगा सांभाळ." हे त्यांनी प्रेमानेच म्हटलं, त्यामुळे वाद घालणंही जमलं नाही. एकोणीस जण वर गेले. मी, बसचा ड्रायव्हर आणि बॅगांचा ढीग मागे राहिलो. पहिला अर्धा तास मी नुसती रडले.

मग उठले, कारण समोर रस्त्यासाठी कापलेली खडकाची भिंत होती आणि हातात लेन्स होती. त्या भिंतीपुढे मी चार तास होते. भिंतीत वाळूखडकाचे थर होते. पाण्यात जाड कण आधी बसतात, म्हणून ते थराच्या तळाशी असायला हवेत. इथे कण वरच्या बाजूला जाड, खाली येताना बारीक. एखाद्याच थरात असं दिसलं असतं तर सोडून दिलं असतं, पण ओळीने अकरा थर तसेच निघाले. प्रवाहाने कोरलेल्या खाचांचे ठसे थराच्या बुडाला असायला हवेत, ते वर तोंड करून होते. मी प्रत्येक थराची जाडी मोजली, डायरीत सेंटिमीटरवार स्तंभ काढला आणि बाजूला जुन्या थराकडून नव्या थराकडे जाणारा बाण काढला: वर जाणारा नव्हे, खाली जाणारा. थर उलटे होते.

संध्याकाळी बाकीचे खाली आले. त्यांनी जागोजागी स्ट्राइक-डिप, म्हणजे थरांची दिशा आणि झुकाव, मोजले होते, सगळीकडे थर एकाच दिशेला, जवळपास सारख्याच कोनात झुकलेले. त्यावरून त्यांनी एकावर एक रचलेली, भरपूर जाडीची सलग मालिका काढली होती. मी माझी डायरी पुढे केली. सरांनी टॉर्च घेऊन भिंत स्वतः पाहिली, बराच वेळ पाहिली. खालचे थर उलटे असतील तर ती मालिका सलग नव्हतीच. थरांना घडी पडली होती आणि ती पूर्ण मिटलेली होती, तिच्या दोन्ही बाजू एकाच दिशेला झुकल्या होत्या, आणि वर गेलेल्यांनी तेच थर दोनदा मोजले होते. दुसऱ्या दिवशी अख्ख्या वर्गाचा नकाशा बदलला.

निकालात 'क्षेत्रकार्यातील सहभाग' या रकान्यात मला वीसपैकी चार गुण होते. चुकीचा नकाशा काढलेल्यांना पंधरा-सोळा.

विचारायला गेले तर सर म्हणाले, "निरीक्षण छान होतं, पण तू चढली नाहीस. भूशास्त्र पायांनी शिकायचं असतं. आणि सगळ्यांना असं सांभाळून घेत बसलो तर विषयाचा दर्जा काय राहील?" तेव्हा मी गप्प बसले. आता बसत नाही.

दर्जा कशाला म्हणायचं? जीवाश्मांचे अभ्यासक खेरात व्हर्माइ वयाच्या तिसऱ्या वर्षापासून पूर्ण अंध. शिंपले बोटांनी चाचपून, त्यांची जाडी आणि खेकड्यांनी फोडून पुन्हा भरून आलेल्या खुणा ओळखून त्यांनी शिकार आणि शिकारी यांच्यातल्या कोट्यवधी वर्षांच्या चढाओढीचा सिद्धांत मांडला. सागरतळाचे नकाशे काढणाऱ्या मरी थार्पला संशोधन जहाजावर पाय ठेवू देत नव्हते, कारण ती बाई होती. जहाजावरून आलेले खोलीचे आकडे तिने किनाऱ्यावर बसून कागदावर उतरवले, आणि 1952 मध्ये अटलांटिकच्या तळावरच्या पर्वतरांगेच्या मधोमध चाललेली खचदरी तिला दिसली. सहकाऱ्याने ते बायकी गप्पा म्हणून उडवून लावलं. शेजारच्या टेबलावर हॉवर्ड फॉस्टर नावाचा कर्णबधिर चित्रकार भूकंपांची केंद्रं नकाशावर मांडत होता. दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवल्यावर केंद्रं त्याच दरीत ओळीने बसली. सागरतळ दुभंगतो हे पुढे जगाने मान्य केलं, त्यामागे जहाजावर जाऊ न दिलेली बाई आणि ऐकू न येणारा माणूस यांचे कागद आहेत. डोंगर चढणं हा खडकापर्यंत पोहोचण्याचा एक मार्ग आहे. त्याला विषयाची पात्रता ठरवणाऱ्यांना मी विषयाचे रक्षक मानत नाही.

अवकाशविज्ञानाचंही तेच. मार्च 2019 मध्ये दोन स्त्रियांनी मिळून करायचा पहिला स्पेसवॉक रद्द झाला, कारण आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर मध्यम मापाचा सूटचा वरचा भाग एकच तयार होता. कौशल्य दोघींकडे होतं, कमी पडलं माप. क्रिस्टिना कॉक आणि जेसिका मीर यांनी तसा स्पेसवॉक केला तो त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. तुमच्या विभागातले बूट, हार्नेस, हेल्मेट कुठल्या मापात आहेत ते उद्या स्टोअररूममध्ये जाऊन बघा. मुलींना सैल हार्नेस देऊन 'घाबरतात' म्हणणारे मी पाहिलेत.

उपाय विचारताय तर माझा विश्वास नियम बदलण्यावर आहे, मनं बदलण्यावर कमी. हबल या अवकाशातल्या दुर्बिणीवर निरीक्षणासाठी वेळ मागणाऱ्या प्रस्तावांवरून 2018 पासून अर्जदारांची नावं काढली. त्याआधीच्या फेऱ्यांत पुरुषांच्या प्रस्तावांना यश जास्त मिळत आलं होतं. त्या पहिल्याच फेरीत स्त्रियांच्या प्रस्तावांच्या यशाचं प्रमाण किंचित पुढे गेलं. परीक्षकांचं कुणी प्रबोधन केलं म्हणून हे झालं असं मला वाटत नाही. नाव दिसेनासं झालं, एवढंच. पैशाचंही महत्त्व आहे, नाही कशाला म्हणू? खगोलशास्त्रज्ञ जोसलिन बेल बर्नेल यांना 2018 मध्ये 30 लाख डॉलरचं बक्षीस मिळालं ते सगळं त्यांनी भौतिकशास्त्रात कमी दिसणाऱ्या गटांतल्या पीएचडी विद्यार्थ्यांसाठी देऊन टाकलं. पल्सार, म्हणजे ठराविक लयीत रेडिओ स्पंदनं पाठवणारे तारे, शोधूनही 1974 चं नोबेल त्यांना सोडून इतरांना गेलं होतं, हे लक्षात ठेवलं की त्या देण्याचं वजन कळतं. पण शिष्यवृत्ती मुलीला बसपर्यंत आणते. पुढे बॅगांपाशी बसवायचं की खडकापाशी, ते तुम्ही ठरवता.

म्हणून फील्डची जागा निवडतानाच निम्मा प्रश्न सुटतो. एक दिवस तरी असा ठेवा की सगळा वर्ग रस्त्यासाठी कापलेल्या खडकापाशी बसून एकच भिंत वाचेल. चढू शकणारेही. शौचालय कुठे आहे हे वेळापत्रकात लिहा, म्हणजे मुली दिवसभर पाणी न पिता उन्हात उभ्या राहणार नाहीत. आणि रात्रीच्या मुक्कामात त्रास झाला तर तक्रार कोणाकडे करायची ते नाव निघण्यापूर्वी सांगा, आणि ती व्यक्ती फील्डचा प्रमुख नको. 2014 मध्ये क्षेत्रकार्य करणाऱ्या 666 संशोधकांचं एक सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. त्यातल्या जवळपास दोन तृतीयांश लोकांनी लैंगिक छळ अनुभवल्याचं सांगितलं होतं. नमुना निवडक होता, मान्य. तरी त्यानंतर 'मुलींना फील्ड आवडत नाही' हे वाक्य ऐकलं की मला राग येतो.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी, नाहीतर माझं उत्तर वापरून कुणीतरी चुकीचंच करेल. मी आज रडार उपग्रहांच्या प्रतिमांवरून डोंगरउतार किती सरकले ते मोजते, खुर्चीत बसून. हे काम मला मनापासून आवडतं. पण म्हणून अपंग विद्यार्थ्याला परस्पर संगणकापुढे बसवू नका. घरबसल्या फिरवून आणणाऱ्या आभासी फील्ड ट्रिपने चढावाची अडचण सुटते, पण ओल्या खडकावर लेन्स टेकवण्याची जागा ती घेत नाही. मला तेव्हाही खडकच हवा होता. शिवाय माझा अनुभव एका कॅलिपरचा आहे. अंध, कर्णबधिर किंवा घरात पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या मुलामुलींना काय लागतं ते त्यांनाच विचारा, आणि फील्ड ठरवण्याआधी विचारा.

तुमच्या गुणतक्त्यात 'क्षेत्रकार्यातील सहभाग' असा रकाना असेलच. पुढच्या बॅचच्या आधी त्याखाली काय मोजलं जाणार ते लिहून काढा: किती मीटर चढले, की किती थर नीट वाचले. आणि तो कागद फलकावर लावा, बस निघण्याच्या आदल्या दिवशी.